काळी, स्ट्राँग बीअर घरी मुरवायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाकडे ११ टक्के अल्कोहोलच्या इम्पीरियल स्टाउटच्या चार बाटल्या आहेत आणि १० टक्क्यांच्या बार्ली वाईनच्या (नावात वाईन असली तरी ही स्ट्राँग बीअरच) दोन. कुणीतरी त्यांना सांगितलं, की अशी बीअर पाच वर्षं ठेवली की चव कमालीची सुधारते. तर बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या की बाहेर, आडव्या की उभ्या, आणि खरंच पाच वर्षं थांबायचं का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. स्टाउटची एक बाटली याच आठवड्यात उघडा. एक फ्रिजमध्ये मागच्या बाजूला सरकवून ठेवा. उरलेल्या दोन घरातल्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या जागी उभ्या ठेवा आणि त्यातली पहिली दीड वर्षाच्या आसपास उघडा. बार्ली वाईनची एक आता प्या, दुसरी तीन-चार वर्षं राहू द्या. सहाही बाटल्या बंद करून पाच वर्षं विसरून जाणं हा मला यातला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो.

मी सतरा-अठरा वर्षं घरी बीअर बनवतो आहे आणि जवळपास तितकीच वर्षं स्वतःची आणि विकतची बीअर मुरवतो आहे. या काळात लवकर उघडल्यामुळे हळहळ वाटली अशा बाटल्या मोजक्याच. उशिरा उघडल्यामुळे हातच्या गेलेल्या बाटल्या मात्र पुष्कळ आहेत. लवकर उघडलेली स्टाउट फार तर जराशी उग्र लागते. उशिरा उघडलेली पाणचट, खारट, निर्जीव लागते आणि तिला परत आणण्याचा कुठलाच मार्ग नसतो.

‘सुधारते’ या शब्दातच घोळ आहे. मुरलेली बीअर बदलते. काही गोष्टी तिच्यातून जातात, काही नव्या येतात, आणि हे येणं-जाणं एकमेकांसाठी थांबत नाही. जे जातं त्याची तुम्हाला फारशी ओढ नव्हती आणि जे येतं ते आवडलं, तर बीअर सुधारली म्हणायचं. भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) कॉफीसारखा करकरीत कडवटपणा तुम्हाला जीव की प्राण असेल, तर तुमची स्टाउट पहिल्या दिवशी आहे तितकी चांगली पुन्हा कधीच लागणार नाही. म्हणून पहिली बाटली ताजी पिण्याचा आग्रह धरतोय. सुरुवात कुठून झाली हेच ठाऊक नसेल, तर तीन वर्षांनी ग्लासात जे आहे ते चांगलं की वाईट, हे ठरवणार कशावर?

आता बाटलीच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू.

झाकण बसलं की ऑक्सिजनचं काम सुरू होतं. चांगल्या ब्रुअऱ्या बाटली भरताना बीअरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्याही खाली ठेवतात. पण तो शून्य कधीच नसतो, आणि पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या अस्तरातून वर्षानुवर्षं थोडा थोडा आत झिरपतही राहतो. फिकट, साध्या लागरमध्ये याचा परिणाम काही महिन्यांतच नाकाला कळतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. त्यामागे ट्रान्स-२-नॉनेनाल नावाचं संयुग असतं, आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तिखट आहे, की लिटरमध्ये एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग असला तरी तो वास ओळखू येतो.

काळ्या, जड बीअरमध्येही ऑक्सिडेशन होतंच. फरक असा की तिथे ते वेगळ्या सामग्रीवर होतं. माल्ट भाजताना आणि वर्ट (माल्टपासून काढलेला, आंबवण्याआधीचा गोड रस) तासन्‌तास उकळताना मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. ती ऑक्सिडेशनमध्ये स्वतः भाग घेतात आणि त्यातून शेरी किंवा पोर्ट वाईनची आठवण करून देणारे वास येतात. अमिनो आम्लांपासून बनणारी काही अल्डिहाइड्स बदामाचा आणि मधाचा गंध आणतात. बीटा-डॅमासेनोन नावाचं आणखी एक संयुग वाढत जातं आणि त्याच्यासोबत शिजवलेल्या सफरचंदाचा, सुकवलेल्या प्लमचा गंध येतो. मनुका, खजूर, अंजीर, जुनं चामडं असे शब्द मुरलेल्या बीअरबद्दल वापरले जातात ते यामुळेच. पुठ्ठ्याचा वास तिथेही थोडाफार असतो, पण माल्टच्या दाट गोडीखाली तो दबून राहतो. ती गोडी आणि तो दाटपणा नसेल तर झाकायला काहीच नाही. ५-६ टक्क्यांची काळी स्टाउट केवळ काळी आहे म्हणून ठेवू नये, त्याचं कारण हे. बीअर काळी असून भागत नाही, अंगानंही भरलेली हवी. माझ्यासाठी ८ टक्के ही खालची मर्यादा, आणि निवांत मनानं ठेवायची तर १० टक्के.

याला एक अपवाद नेहमी सांगितला जातो, तो बरोबर आहे. बेल्जियमच्या मठात बनणारी ओर्वाल फक्त ६.२ टक्क्यांची असते, तरी ती वर्षानुवर्षं बदलत राहते. तिच्यात बाटली भरताना ब्रेटानोमायसिस हे वेगळं यीस्ट घातलेलं असतं आणि ते आत जिवंत राहून काम करत असतं. ते गणितच निराळं आहे. तुमच्या स्टाउटला लागू होत नाही.

हॉप्सचं, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचं म्हणाल, तर त्यांचा सुगंध सगळ्यात आधी जातो, काही महिन्यांतच. कडवटपणा मागाहून, सावकाश. हा कडवटपणा देणाऱ्या आयसो-अल्फा आम्लांचे दोन प्रकार असतात. त्यातला ट्रान्स प्रकार लवकर मोडतो, सिस प्रकार बराच तग धरतो. म्हणून दोन वर्षांच्या बार्ली वाईनमध्ये कडवटपणा असतो, पण त्याची धार गेलेली असते, आणि माल्टची गोडी पुढे सरकते. जी बार्ली वाईन ताजी असताना हॉप्सनी तोंड कडूजार करते, ती मुरवायला सगळ्यात चांगली. तिच्याकडे घालवण्यासारखं भरपूर असतं. जी पहिल्या दिवसापासूनच गोडमिट्ट आहे, ती पाच वर्षांनी पाकासारखी चिकट लागणार.

अल्कोहोलच्या जळजळीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण इथे फार गैरसमज आहेत. ‘आत्ता गरम लागतेय, ठेव दोन वर्षं, उतरेल’ असं सर्रास म्हणतात. अल्कोहोल कुठेही उडून जात नाही, आणि चुकीच्या तापमानाला आंबवल्यामुळे तयार झालेले जड, सॉल्व्हंटसारखे वास मारणारे फ्युजेल अल्कोहोलही जात नाहीत. बदलतं ते भोवतालचं. सुक्या फळांचे वास, शेरीचा सूर, हॉप्सची उतरलेली धार, या सगळ्यात जळजळ मिसळून जाते आणि तोंडाला मऊपणा जाणवतो. चांगल्या आंबवलेल्या ११ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये हे वर्षभरात होतं आणि ते खरंच सुंदर असतं. पण नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणारी बीअर दहा वर्षं ठेवली तरी तसाच वास देईल. दोष मुरत नाही. आंबट झालेली असो, लोण्यासारखा वास येत असो, सॉल्व्हंटचा वास असो, जी पहिल्या दिवशी बिघडलेली आहे तिच्यासाठी कपाटातली जागा अडवू नका.

तळाशी यीस्टचा थर असलेल्या बाटलीत आणखी एक गोष्ट घडते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबलेल्या बीअरमधलं यीस्ट सुरुवातीला उपकारच करतं, उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं. पुढे ते मरतं, त्याच्या पेशी फुटतात आणि आतलं सगळं बीअरमध्ये उतरतं. थोड्या प्रमाणात त्यानं बीअरला खोली येते, जिभेवर भरल्यासारखं वाटतं. जास्त झालं की सोया सॉसची चव येते. काळ्या स्टाउटमध्ये हे विशेष जाणवतं, कारण भाजक्या चवीला ती खारट-मांसल चव पटकन चिकटते. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एक एन्झाइम फेस धरून ठेवणारी प्रथिनंही तोडतं. जुन्या बाटलीला फेस धड येत नाही, त्यात याचा मोठा हात असतो. दरवेळी झाकणातून गॅस गेला असंच नसतं.

हे सगळं किती वेगानं होणार, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं, ते म्हणजे तापमान. साधारण हिशेब असा, की दर १० अंशांना या क्रियांचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. १२ अंशांवर दोन वर्षांत जे घडेल ते ३२ अंशांवर सहा महिन्यांत किंवा त्याआधीच उरकेल. आणि नुसतं लवकर उरकेल एवढंच नाही. वेगवेगळ्या क्रियांचा वेग सारख्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे उष्णतेत मुरलेली बीअर ही थंडीत मुरलेल्या बीअरची घाईची आवृत्ती नसते, ती दुसरीच बीअर असते.

हे मला वाचून कळलं होतं, पण पटलं ते एका संध्याकाळी. माझ्याच एका बार्ली वाईनच्या, एकाच दिवशी भरलेल्या तीन बाटल्या मी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या. एक फ्रिजमध्ये ४ अंशांना, एक वाईन कूलरमध्ये १२ अंशांना आणि एक स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात, जिथे उन्हाळ्यात पारा ३४ पर्यंत जायचा. बरोबर तीन वर्षांनी तिन्ही एकदम उघडल्या. आधी तिन्ही एकाच तापमानाला आणल्या, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

फ्रिजमधलीचं झाकण चांगलं फुसकन उघडलं. रंग गडद तांबूस, फेस दोन बोटं, आणि नाकाला अजून हॉप्स. थोडं संत्र्याच्या सालीसारखं. चव जवळपास तीच, जी मी भरताना टिपून ठेवली होती, फक्त कडा किंचित गोलावलेल्या. कूलरमधलीचा रंग एक छटा गडद होता. फेस बोटभर, दाट, बराच वेळ टिकणारा. वास घेतला आणि मी ग्लास खाली ठेवून वहीत लिहिलं, ‘काळी मनुका, बदाम, लाकडी पेटीचा आतला वास’. तोंडात गोडी आधी, मग मंद कडवटपणा आणि शेवटी शेरीसारखा कोरडेपणा, जो गिळल्यानंतरही रेंगाळला. इतकी वर्षं हा उद्योग का करतो, याचं उत्तर त्या ग्लासात होतं. तिसरी, वरच्या कप्प्यातली, ग्लासात तपकिरी चहासारखी दिसली, ढवळलेली. फेस आला आणि लगेच विरला. वास ओल्या पुठ्ठ्याचा आणि त्याखाली काकवीचा. चव पातळ. शेवट कुठेच नाही. एकच बीअर, एकच दिवस, एकच झाकण. माझ्या हातून तिची माती झाली ती फक्त जागेमुळे.

म्हणून जागेचं नीट ऐका. १० ते १३ अंश हे मुरवण्याचं उत्तम तापमान. तळघर असेल तर प्रश्नच मिटला, नाहीतर छोटा वाईन कूलर. १८ अंशांपर्यंत ठीक आहे, फक्त सगळे अंदाज आखडते घ्यायचे. घर वर्षातले काही महिने २५ च्या वर जात असेल आणि कूलर नसेल, तर बीअर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये बीअर ‘मरते’ असं जे म्हणतात त्यात काही तथ्य नाही. ती फार सावकाश बदलते एवढंच. थोडा गढूळपणा येऊ शकतो, तो ग्लासात जरा गरम झाल्यावर निघून जातो. फ्रिजमध्ये चार वर्षं ठेवलेली स्टाउट मला उन्हाळ्यात भाजलेल्या एक वर्षाच्या स्टाउटपेक्षा दहापैकी दहा वेळा चालेल.

जागा ठरवताना एक सोपी चाचणी करा. साधा थर्मामीटर आठवडाभर त्या कपाटात ठेवा आणि दुपारी, पहाटे आकडे लिहा. भिंतीला भिंत लागून असलेल्या कपाटांत सहा-सात अंशांचा फरक निघतो. जमिनीलगतचा, बाहेरच्या भिंतीला न टेकलेला कप्पा बहुधा जिंकतो. फ्रिजच्या वरची जागा सगळ्यात वाईट, कारण तिथे यंत्राची उष्णता सतत येते.

उभ्या की आडव्या? उभ्या. आडव्या बाटलीत बीअरचा हवेशी येणारा पृष्ठभाग वाढतो आणि गाळ कडेला चिकटतो, मग ओतताना तो सगळा ग्लासात. बुचाच्या बाटल्यांबद्दल वाद आहे, कारण वाईनमध्ये बूच ओलं ठेवायला बाटली आडवी ठेवतात. माझा अनुभव असा, की चार-पाच वर्षांपर्यंत उभ्या ठेवलेल्या बीअरच्या बुचाला काही होत नाही. झाकणावर ओतलेलं मेण दिसायला देखणं असतं, पण त्याच्या भरवशावर वर्षं वाढवू नका. कॅनबद्दल अनेकांच्या मनात अढी असते, ती काढून टाका. कॅनच्या शिवणीतून ऑक्सिजन जवळजवळ जात नाही आणि प्रकाशाचा प्रश्नच येत नाही. कॅनमधली स्टाउट उलट सावकाश मुरते.

प्रकाशाबाबत फक्त एवढंच, की हॉप्समधली आयसो-अल्फा आम्लं आणि प्रकाश एकत्र आले की उग्र गंधकी वासाचं संयुग बनतं. तपकिरी काच बराच बचाव करते, हिरवी आणि पांढरी करत नाही. कपाटाचं दार बंद ठेवा, हिरवी बाटली असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा.

आता किती काळ, याकडे येतो. हे आकडे १२-१३ अंशांसाठी आहेत आणि माझ्या जिभेचे आहेत. साधी इम्पीरियल स्टाउट, म्हणजे जिच्यात फक्त माल्ट, हॉप्स आणि यीस्ट आहे, ती मला एक ते तीन वर्षांत सगळ्यात आवडते. पहिल्या वर्षात राखेसारखा खरखरीतपणा बसतो, दुसऱ्यात डार्क चॉकलेट आणि सुक्या फळांचा मेळ जमतो. चौथ्या वर्षापासून भाजका सूर मंद होतो आणि पाचव्याच्या पुढे सोया सॉस दार ठोठावतो. म्हणून प्रश्नातल्या ‘पाच वर्षं’ला मी स्टाउटच्या बाबतीत नाही म्हणतोय.

बार्ली वाईन आणि जुन्या इंग्लिश धाटणीच्या ओल्ड एल या खऱ्या लांब पल्ल्याच्या. तिथे भाजक्या माल्टचा प्रश्न नसतो, सगळा खेळ कारमेल आणि मेलॅनॉइडिनचा, आणि ऑक्सिडेशनची शेरी त्यावर शोभून दिसते. लंडनच्या फुलर्सनं १९९७ पासून दरवर्षी काढलेली व्हिंटेज एल, मँचेस्टरजवळच्या जे. डब्ल्यू. लीसची १९८६ पासूनची हार्वेस्ट एल, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाची बिगफूट, या बाटल्यांवर वर्ष छापलेलं असतं ते उगाच नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या तीन बाटल्या एका बैठकीत चाखायला मिळाल्या तर ती संधी सोडू नका, एका संध्याकाळी जे कळतं ते पाच वर्षं थांबूनही कळत नाही. बेल्जियन क्वाड्रुपेलमध्ये (तिथली गडद, फार स्ट्राँग बीअर), उदाहरणार्थ ११.३ टक्क्यांच्या रोशफोर १० मध्ये, केळ्याचा आणि लवंगेचा वास ओसरतो, अंजीर-मनुका वर येतात. दोन ते पाच वर्षं. डॉपेलबॉक, म्हणजे जर्मन धाटणीच्या स्ट्राँग लागर, बहुतेक ७-८ टक्क्यांच्या असतात, त्या ताज्याच चांगल्या. त्याच घराण्यातली १४ टक्क्यांची सामिक्लाउस मात्र वेगळी. ऑस्ट्रियातल्या एगेनबर्गमध्ये ती वर्षातून एकाच दिवशी, ६ डिसेंबरला बनवतात आणि बाटलीत भरण्याआधी कित्येक महिने मुरवतात. ती दहा वर्षं सहज जाते.

न ठेवण्याच्या बीअरही सांगायला हव्यात, कारण हल्ली इम्पीरियल स्टाउट म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्या यात बसतात. कॉफी घातलेली स्टाउट सहा महिन्यांत प्या. कॉफीचा सुगंध आधी जातो आणि मागे हिरव्या मिरचीसारखा, शिळा वास उरतो. नारळ, व्हॅनिला, शेंगदाणे, कुकी असले प्रकार ज्या बीअरचा जीव आहेत, त्यांचंही तेच. फळांचा गर घातलेल्या, गोडी तशीच ठेवलेल्या बीअर बाहेर ठेवणं तर धोक्याचं आहे, आत पुन्हा आंबण सुरू झालं तर बाटली फुटू शकते. बर्बनच्या पिंपात मुरवलेली स्टाउट थोडी थांबू शकते, दारूचा भपका बसतो. पण ब्रुअरीनं तिला आधीच पिंपात बरेच महिने ऑक्सिजनसोबत ठेवलेलं असतं, म्हणजे अर्धं मुरणं आधीच झालेलं आहे. तिला वर्षभरापेक्षा जास्त मी सहसा देत नाही. शिवाय लाकडात जिवाणू राहतात. पिंपातली बीअर घरी हळूहळू आंबट होण्याचा प्रसंग माझ्यावर तीनदा आला आहे.

फार जुन्या बाटल्यांच्या कथा ऐकून भुरळ पडते, तेव्हा दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. इंग्लंडमधल्या बर्टनच्या बास ब्रुअरीनं १८६९ मध्ये बनवलेली रॅटक्लिफ एल २००६ साली तिथल्या तळघरात सापडली आणि चाखणाऱ्यांना ती पिण्याजोगी, किंबहुना छान वाटली. अतिशय स्ट्राँग बीअर, जमिनीखालची एकसारखी थंडी आणि अंधार, १३७ वर्षं कुणी हात न लावलेली. आणि २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात ओलंड बेटांजवळ, सुमारे ५० मीटर खोल, १८४० च्या दशकातल्या एका बुडालेल्या जहाजात बीअरच्या बाटल्या मिळाल्या. तिथेही थंडी होती, अंधार होता. पण बुचातून समुद्राचं पाणी आत गेलं होतं, जिवाणू वाढले होते, आणि तपासणाऱ्यांनी वासाची नोंद केली त्यात जळलेलं रबर, अति पिकलेलं चीज आणि बोकड हे शब्द आहेत. थंडी आणि अंधार जरुरी आहेत, पण आतली बीअर दणकट आणि बंद पक्का नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

तुम्ही स्वतः बनवलेली बीअर मुरवणार असाल तर थोडं वेगळं. १.१०० च्या आसपास सुरुवातीची घनता असलेल्या बीअरमध्ये ऑक्सिजन शिरण्याची सगळ्यात मोठी संधी बाटली भरताना असते. नळी बाटलीच्या तळाला टेकवा, शिंतोडे उडू देऊ नका, ऑक्सिजन शोषणारी झाकणं वापरा. मोठ्या काचेच्या बरणीत एकत्र मुरवायची असेल तर आधी यीस्टच्या थरावरून काढून घ्या आणि बरणी गळ्यापर्यंत भरा. वर रिकामी जागा म्हणजे हवा. मी तीन ते सहा महिने ठेवतो. त्यानंतर बाटली भरताना थोडं ताजं यीस्ट घालायला विसरू नका. एवढ्या अल्कोहोलमध्ये सहा महिने काढलेलं यीस्ट थकलेलं असतं, साखर घालून वाट पाहिली तरी गॅस होत नाही. साखर लिटरला ५ ग्रॅम पुरते. हायड्रोमीटरचा (घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा दोन आठवडे हललेला नाही, याची खात्री झाल्याशिवाय भरू नका.

प्रत्येक बाटलीच्या मानेवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहा: भरल्याची तारीख, कपाटात ठेवल्याची तारीख, आणि कधी उघडायची. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ती तारीख लिहिलेली नसली की खास दिवसाची वाट पाहत बाटली वर्षं काढते.

उघडताना बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उभी ठेवा, गाळ बसतो. काढल्यावर अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा आणि १२-१४ अंशांना प्या. अति थंड ग्लासात तीन वर्षांचं मुरणं नाकाला कळतच नाही. झाकण सिंकवर उघडा. उसळून बाहेर आली आणि चव आंबट लागली तर आत जिवाणूंनी किंवा जंगली यीस्टनं घर केलं आहे, त्याच खेपेची दुसरी बाटली लगेच फ्रिजमध्ये घाला आणि लवकर उघडून बघा. नीट उघडली तर एका दमात, बाटली सरळ न करता, ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीत राहू द्या.

आता तुमच्या चार स्टाउट. आजची ताजी बाटली पिताना वहीत पाच-सहा ओळी लिहा, शब्द साधे चालतील. दीड वर्षानं कपाटातली पहिली उघडून त्या ओळींशी ताडून पाहा. भाजका सूर, चॉकलेट, सुकी फळं हे तिन्ही एकत्र जाणवत असतील तर कपाटातली दुसरी आणखी वर्षभर थांबू शकते. पुठ्ठा किंवा सोया सॉसचा पुसटसा भास झाला तरी त्याच महिन्यात ती काढा. आणि ती काढाल तेव्हा फ्रिजमधली चौथीही काढा, दोन सारखे ग्लास घ्या आणि डावी-उजवी आलटून पालटून प्या.